कॅनव्हासचा तंबू कशाने खराब होतो आणि तो कसा जपावा

कॅनव्हासचा तंबू घेताना बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो गळण्याचा. पावसात टिकेल ना? प्रश्न रास्त आहे, पण तंबूचं आयुष्य त्यावर ठरत नाही. घट्ट विणीचा चांगला कॅनव्हास कित्येक पावसाळे झेलतो. तो वाया जातो मुख्यतः दोन कारणांनी: भिजल्यावर ओलाच गुंडाळून ठेवला जातो, किंवा महिनोन्‌महिने उघड्या उन्हात उभा राहतो. वाऱ्याने बसलेला ताण, घासलेली जागा, उसवलेली शिवण हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि वेळीच दुरुस्तही करता येतं. ओल आणि ऊन मात्र धाग्याच्या आत काम करत राहतात. ते लक्षात येतं तेव्हा कापड हातात फाटायला लागलेलं असतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या दोघांना दिली आहे.

कापडाचा स्वभाव

कॅनव्हास म्हणजे सुताचं जाड, घट्ट विणलेलं कापड. कापसाचा तंतू सेल्युलोजचा बनलेला असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. आपल्याला कोरडं वाटणारं सुती कापडही पूर्ण कोरडं नसतं. हवेत साधारण ६५ टक्के आर्द्रता असेल तर कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो. पाऊस पडला की हे तंतू आणखी पाणी पितात आणि फुगतात. लांबीत फारसे नाहीत, जाडीत मात्र चांगलेच. त्यामुळे ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) यांच्यामधल्या बारीक फटी आवळल्या जातात आणि विणीतून पाणी आत यायला वाट उरत नाही.

कॅनव्हासचं पहिलं संरक्षण हे असं त्याच्या विणीतच असतं. दुसरं संरक्षण म्हणजे त्यावरचा पाणी झटकणारा लेप: मेण, सिलिकोन किंवा तशाच जातीचं काही. लेप फटी बुजवत नाही. तो प्रत्येक धाग्याला पाण्यापासून तोडून ठेवतो, त्यामुळे थेंब पसरत नाही, गोल राहतो आणि उतारावरून घरंगळतो. फटी तशाच उघड्या असल्याने हवा आणि वाफ त्यांतून ये-जा करत राहते. कॅनव्हासचा तंबू प्लास्टिकच्या तंबूसारखा आतून घामेजत नाही, याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. लोकर किंवा रेयॉन ओलं झालं की दुबळं होतं; कापूस ओला झाला की उलट अधिक मजबूत होतो. नुसत्या भिजण्याने कॅनव्हासचं काहीही वाकडं होत नाही.

हल्ली बरेच तंबू पॉलिकॉटनचे, म्हणजे कापूस आणि पॉलिस्टर एकत्र कातलेल्या धाग्याचे असतात. पॉलिस्टर कुजत नाही आणि आटतही कमी. पण त्यातला कापूस कुजतोच, त्यामुळे काळजी तीच घ्यावी लागते. पूर्ण नायलॉन किंवा पॉलिस्टरचे लेपित तंबू ही वेगळी जात आहे. इथे सांगितलेलं सगळं त्यांना लागू पडत नाही.

विकत घेताना कापडाचं वजन विचारलं जातं. तंबूसाठी साधारण २८५ ते ३४० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचं कापड सर्रास वापरतात. औंसात लिहिलं असेल, तर प्रति चौरस यार्ड १ औंस म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम प्रति चौरस मीटर असा हिशेब धरावा. जाड कापड जास्त टिकतं हे खरं, पण ते सुकायलाही जास्त वेळ घेतं. दमट हवेत वारंवार तंबू उभारायचा-काढायचा असेल, तर मी मध्यम वजनाचं कापड निवडेन.

नवा तंबू आधी मुद्दाम भिजवा

नवा तंबू थेट मुक्कामाला नेऊ नये. कोरड्या दिवशी तो उभारावा, तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणारे दोर, थोडे सैल ठेवावेत आणि नळीने चहूबाजूंनी, विशेषतः शिवणींवर, भरपूर पाणी मारावं. कापडावर लेप असेल तर सुरुवातीला पाणी नुसतं ओघळून जाईल. तरी मारत राहावं. मग तो उभाच ठेवून पूर्ण सुकू द्यावा आणि हेच दोन-तीन वेळा करावं.

याने दोन कामं होतात. पहिल्या भिजण्यात कापड जे काही आटायचं ते आटून घेतं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. शिवताना सुईने पाडलेली भोकं धाग्यापेक्षा मोठी असतात. तंबू सहसा सुताचं आवरण असलेल्या धाग्याने शिवतात. भिजल्यावर तो धागा फुगतो, आजूबाजूचं कापडही फुगतं आणि भोक दोन्हीकडून भरून येतं. पहिल्या पावसात शिवणीतून थेंब आले म्हणून तंबू परत करायला निघालेल्या माणसाला खरं तर फक्त ही एक पायरी पुरी करायची राहिलेली असते. तीन वेळा भिजवूनही एखादी शिवण गळत राहिली, तर आतून-बाहेरून त्यावर मेण घासावं किंवा शिवणींसाठी मिळणारं सीलर लावावं.

पावसात आतून छताला हात लावू नये असं म्हणतात, त्यालाही कारण आहे. ओल्या कापडाच्या फटींत पाणी पृष्ठताणामुळे धरलेलं असतं. आतून बोट, गादी किंवा पिशवी टेकली की त्या पाण्याला आत यायला पूल मिळतो आणि तिथून थेंब गळू लागतो. लेप ताजा असेल तर हे सहज होत नाही, जुना असेल तर हमखास होतं. चुकून स्पर्श झालाच आणि गळू लागलं, तर त्या जागेवर बोट ठेवून ते न उचलता कापडावरून खाली कनातीपर्यंत, म्हणजे बाजूच्या कापडी भिंतीपर्यंत, ओढत न्यावं. पाणी त्या रेषेने खाली उतरतं आणि अंथरुणावर टपकायचं थांबतं. सामान मात्र कनातीपासून वीतभर दूरच ठेवावं.

ओल, बुरशी आणि एका कुजलेल्या तंबूची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, पट्टे आणि कपडे भराभर कुजू लागले. उष्णता, सततचा पाऊस आणि दमट हवा यांत कापूस टिकेना. हे कशामुळे होतं याचा शोध घेताना शास्त्रज्ञांनी अनेक बुरशींचे नमुने गोळा केले. सॉलोमन बेटांतल्या बूगनव्हिल इथल्या एका कुजलेल्या कॅनव्हासवरून वेगळी काढलेली बुरशी सेल्युलोज पचवण्यात कमालीची तरबेज निघाली. पुढे १९७७ साली, त्या संशोधनातले एक प्रमुख शास्त्रज्ञ एल्विन रीस यांच्यावरून तिला ट्रायकोडर्मा रीसाय असं नाव मिळालं. आज सेल्युलोज फोडणारी विकरं उद्योगांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार करतात, ती याच बुरशीच्या सुधारित वाणांपासून. जीन्स मऊ करण्यापासून शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्यापर्यंत तिचा उपयोग होतो.

ही गोष्ट सांगण्यामागे कारण आहे. बुरशीचे काळे ठिपके दिसले की आपण त्याला डाग म्हणतो आणि घासून काढायला बसतो. प्रत्यक्षात कापड बुरशीचं अन्न असतं. ती विकरं सोडते, त्या विकरांनी सेल्युलोजची लांब साखळी तुटते, तिची साखर होते आणि ती साखर बुरशी खाते. डाग ही त्या जेवणाची खूण असते. साखळी एकदा तुटली की कोणत्याही लेपाने वा औषधाने ती पुन्हा जोडली जात नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना टाळता येत नाही. आपल्या हातात फक्त पाणी आहे. कापड कोरडं असेल तर बीजाणू नुसते पडून राहतात. ओलं, गुंडाळलेलं आणि उबदार असेल तर एक-दोन दिवसांतच त्यांना मोड फुटू शकतात. म्हणून भर पावसात तंबू काढावा लागला तर खंत करू नये. तसाच गोळा करून आणावा. पण शक्य तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तो उलगडायचाच. उभारायला जागा नसेल तर दोरीवर, कठड्यावर, गच्चीत, खोलीत खुर्च्यांवर पसरून ठेवा आणि मधूनमधून पालटा. पंखा लावला तर फार फरक पडतो, कारण सुकायला उष्णतेइतकीच वाहती हवा लागते.

तंबू कुठे सुकत नाही ते बघून ठेवायला हवं. छत आणि कनातीचा मधला भाग लवकर कोरडा होतो आणि आपली फसगत करतो. ओल राहते ती दुमडून शिवलेल्या जाड शिवणींत, कोपऱ्यांतल्या दुहेरी-तिहेरी ठिगळांत, चेनच्या पट्टीत, गुंडाळून बांधलेल्या खिडकीच्या पडद्यात आणि सगळ्यात जास्त खालच्या काठाला, जिथे चिखल लागलेला असतो. घडी घालण्याआधी या जागा चिमटीत धरून बघाव्यात. हाताला गार लागलं तर अजून पाणी आहे. तळव्यापेक्षा हाताची पालथी बाजू किंवा गाल ओल जास्त नेमकी सांगतो. शंका आली तर आणखी एक दिवस राहू द्यावा. पावसाच्या थेंबाशिवायही तंबू ओला होतो हे विसरू नये: पहाटेचं दव असतं, आणि शिवाय आपण स्वतः. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. चार माणसं म्हणजे लिटरभर. खिडक्या आणि वरची झडप थोडी उघडी ठेवली तर हे पाणी बाहेर जातं, नाहीतर कापडावर बसतं. आत काही पेटतं असेल तर झडप उघडी ठेवणं हा जिवाचा प्रश्न होतो. ओल्या किंवा बर्फाने झाकलेल्या कापडातून हवा फार कमी खेळते आणि आगीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

बुरशी लागलीच, तर आधी कापड उघड्या हवेत पूर्ण सुकवून कोरड्या मऊ ब्रशने झाडावं. तोंडावर फडकं किंवा मास्क बांधावा. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं मिश्रण लावून थोडा वेळ ठेवावं, हलकं घासावं, भरपूर साध्या पाण्याने धुवावं आणि कडक सुकवावं. वाढ थांबते, डाग पुष्कळदा तसाच राहतो. राहू द्या. डाग घालवायला ब्लीच वापरण्याचा मोह फार जणांना होतो आणि तंबूचं खरं नुकसान तिथे होतं. ब्लीच सेल्युलोजलाच खातं आणि पाणीरोधक लेपही उतरवतं. शिवाय व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. तो धोका तंबूसाठी पत्करण्यासारखा नाही.

एरवीच्या धुण्यासाठी गार पाणी आणि मऊ ब्रश एवढंच पुरतं. कपड्यांचा साबण किंवा पावडर वापरू नये. साबणाचं कामच मुळी पाण्याला कापडात शिरायला मदत करणं हे आहे. त्याचा अंश कापडात राहिला की थेंब गोल राहत नाही, पसरतो आणि लेप असूनही कापड पाणी पितं. वॉशिंग मशीन आणि जोरदार फवाऱ्याची यंत्रं तर नकोतच. ती लेप आणि तंतू दोन्ही उपटतात. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक दिसला की लगेच पाण्याने काढावा.

ऊन

ओलीच्या नुकसानाची खूण निदान डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. उन्हाचं कळत नाही. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण हवेतल्या प्राणवायूच्या साथीने सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडतात. तंबू रंगाने थोडा फिकट होतो, एवढंच. कापड जागेवर असतं, आकार तोच असतो, आणि एखाद्या वादळात छत ताण्याच्या रेषेत सरळ फाटत जातं. लोक वाऱ्याला दोष देतात. खरं काम आधीच्या काही वर्षांच्या उन्हाने केलेलं असतं. छत नेहमी कनातीच्या आधी जातं. उत्तर गोलार्धात छताचा दक्षिणेकडे कललेला भाग सगळ्यात आधी, कारण दिवसभराचं ऊन तिथे पडतं. उंचीवर हा त्रास वाढतो: दर १,००० मीटर चढलं की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ पडलेला असेल तर तो त्यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत उसळवतो.

माझं स्पष्ट मत आहे: तंबूवर खर्च करायला एकाच गोष्टीपुरते पैसे उरले असतील, तर ते महागड्या लेपावर न घालता वरच्या पडद्यावर घालावेत. म्हणजे छतावर वेगळं कापड ताणायचं, पण छताला न टेकवता, दहा-पंधरा सेंटिमीटर जागा सोडून. त्या फटीतून वारा खेळतो, आत गारवा राहतो, ऊन पडद्यावरच अडतं, पाऊस पडद्यावरूनच ओघळतो, पक्ष्यांची घाण आणि पाचोळाही पडद्यालाच लागतो. दर काही वर्षांनी पडदा बदलायचा. तंबू तसाच राहतो. पडदा छताला टेकू दिला तर मात्र दोघांमध्ये ओल अडकते आणि वाऱ्याने घासून दोन्ही कापडं झिजतात.

झाडाखाली तंबू लावावा का? ऊन वाचतं हे खरं. पण पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास थेंब पडत राहतात, चीक आणि विष्ठा पडते, तंबू उशिरा सुकतो आणि वाळलेली फांदी कोसळण्याचा धोका असतो. काही दिवसांच्या मुक्कामाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा उत्तम. कायमच्या उभ्या तंबूला झाडाखाली ठेवू नये; पडदाच द्यावा. आणि वापर नसेल तेव्हा तंबू उतरवून ठेवावा. न वापरलेल्या दिवसांचं ऊनही कापडाच्या हिशेबात धरलं जातंच.

लेप कधी, कोणता, कसा

लेप उतरला आहे का हे बघायला थोडं पाणी शिंपडावं. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर काही करायची गरज नाही. पाणी पसरून कापड काळपट पडलं, तर आधी ते साध्या पाण्याने धुवून सुकवावं आणि पुन्हा बघावं. कित्येकदा धुळीच्या थरामुळेच थेंब धरत नाही. तरीही पसरलं तर नवा लेप द्यावा. आतून ओल आली म्हणजे तंबू गळतोच असं समजू नये. छताच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ती आपल्याच श्वासाची वाफ असते. एका जागी, एका शिवणीखाली, पाऊस असतानाच थेंब येत असतील तर ती गळती.

लेप ढोबळमानाने तीन प्रकारचे. मेणाचा लेप जुना आणि भरवशाचा, पण कापड जड आणि चिकट होतं, हवा कमी खेळते, धूळ चिकटते आणि आग लवकर पकडते. सिलिकोनचा लेप हलका असतो, कापड मोकळं राहतं. घरी लावायला मला हाच बरा वाटतो. फ्लोरीनयुक्त लेप पाण्याबरोबर तेलही झटकतात, पण ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून अनेक उत्पादक त्यांपासून दूर गेले आहेत. आधीचा लेप कोणता होता हे तंबू बनवणाऱ्याला विचारावं, कारण मेणावर पाण्याधारित लेप नीट धरत नाही. माहिती मिळाली नाही तर खालच्या काठाजवळ हातभर जागेवर लावून, सुकवून, पाणी टाकून बघावं. लावताना तंबू उभारलेला, स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. पातळ थर द्यावा, शिवणींवर थोडा जास्त. जाड थर दिल्याने जास्त संरक्षण मिळत नाही; कापडाच्या फटी बुजतात आणि आतला दमटपणा वाढतो.

घरी मेण पातळ करून तंबूला लावण्याच्या कृती खूप फिरतात. त्या वाचणाऱ्या प्रत्येकाला ६ जुलै १९४४ हा दिवस माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात त्या दुपारी एका मोठ्या सर्कशीचा तंबू पेटला. पाऊस आत येऊ नये म्हणून त्या कॅनव्हासला पेट्रोलमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण लावलेलं होतं. काही मिनिटांत सगळं छत जळून खाली आलं आणि १६० हून अधिक माणसं मेली, त्यांत पुष्कळ मुलं होती. मेण लावायचंच असेल तर ते शिवणी आणि तळाच्या काठापुरतं ठेवा. ज्या तंबूत चूल, शेगडी किंवा दिवा पेटणार आहे, त्याच्या छताला ते कधीच लावू नका. अग्निरोधक प्रक्रिया केलेलं कापडही फक्त आग पसरायला विरोध करतं, ते जळतच नाही असा त्याचा अर्थ नसतो. आणि वारंवार धुण्याने, उन्हाने त्या प्रक्रियेचा असर कमी होत जातो. धुराडं असेल तर त्याच्या टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी हवी आणि ते छताच्या सर्वोच्च टोकापेक्षा उंच हवं. छतावर दिसणारी बारीक गोल भोकं बहुधा ठिणग्यांचीच असतात.

वारा आणि बर्फ

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा कापडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ६ किलो वजनाइतका रेटतो. ताशी ७२ किलोमीटरला तोच रेटा २५ किलोच्या आसपास जातो. ४ मीटर रुंद, २ मीटर उंच कनातीवर म्हणजे २०० किलो. हा भार मेखांनी आणि तणाव्यांनी जमिनीत उतरवायचा असतो. एखादा तणावा सैल असला तर तो भार शेजारच्या एका शिवणीवर येतो आणि ती फाटते. म्हणून सगळे तणावे सारखे ताणलेले असावेत. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला डोकं कललेलं ठेवून ठोकावी, म्हणजे दोर तिच्याशी साधारण काटकोन करतो आणि ती उपटत नाही. फडफडणं हा वाईट संकेत आहे: कापड तासन्‌तास एकाच रेषेत दुमडत राहतं आणि तिथेच झिजतं.

दोर कशाचा आहे तेही बघावं. सुती दोर भिजला की आखडतो, आणि त्याच वेळी कापडही आखडतं. संध्याकाळी कडक ताणून झोपलं तर रात्रीच्या पावसात कड्या उपटून येतात किंवा मेखा निघतात. असे दोर पावसाआधी बोटभर सैल करावेत. नायलॉनचा दोर उलट भिजल्यावर ताणला जातो, त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा आवळावा लागतो. पॉलिस्टरचा फारसा बदलत नाही.

बर्फाच्या प्रदेशात छतावर बर्फ साचू देऊ नये. ताजा भुसभुशीत बर्फही घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, ओला त्याच्या कित्येक पट. १० चौरस मीटर छतावर वीस सेंटिमीटर ओला बर्फ म्हणजे पाच-सहाशे किलो सहज होतात. तो मऊ झाडूने काढावा किंवा आतून तळहाताने हलके धक्के द्यावेत. फावडं कधीही नाही.

घासणं, दुमडणं, ठिगळं

सगळ्यात जास्त झीज तळाशी होते. जमिनीवरची माती वाळून कापडाच्या विणीत बसते, आणि घडी घातल्यावर तिचे टोकदार कण धाग्यांना आतून कापतात. घडी घालण्याआधी तळाचा काठ झाडून घेणं हे दोन मिनिटांचं काम, पण त्याचा फायदा फार मोठा. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या काठापेक्षा चार बोटं आतच असावी. बाहेर डोकावली तर छतावरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडून थेट तंबूखाली जातं आणि तळ कधीच सुकत नाही.

खांबाचं टोक जिथे छताला टेकतं, तिथे चामड्याचा किंवा जाड कापडाचा दुहेरी तुकडा शिवून घ्यावा. लोखंडी खांब गंजले असतील तर पॉलिश पेपरने घासून रंगवावेत. गंज नुसता डाग पाडत नाही, ओल्या कापसाला तो कमकुवतही करतो. चेन अडली तर ओढू नये. कोरड्या ब्रशने वाळू काढून दात्यांवर मेणबत्ती फिरवली की ती मोकळी होते. कीटकनाशकाचे आणि डास पळवणारे फवारे तंबूच्या आत मारू नयेत. त्यांतली द्रावकं लेप उतरवतात.

फाटलेली जागा लहान असतानाच शिवावी. ठिगळ शक्यतो त्याच वजनाच्या कॅनव्हासचं घ्यावं आणि आधी भिजवून आटवावं, नाहीतर पहिल्या पावसात ते आवळून भोवतालचं कापड चुणतं. कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. कडा आत दुमडून दोन ओळींत शिवावं. धागा सुताचं आवरण आणि पॉलिस्टरचा गाभा असलेला मिळाला तर तोच घ्यावा. हाताने शिवताना दाभण आणि मेण लावलेला धागा चालतो. ठिणगीच्या भोकाला ठिगळाची गरज नसते. कापडावर चालणाऱ्या लवचिक गोंदाचा थेंब दोन्ही बाजूंनी पुरतो. अशी भोकं शोधायला भर दुपारी तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करून आत उभं राहावं. प्रत्येक भोक उजेडाच्या ठिपक्यासारखं दिसतं. तिथे खडूने खूण करून ठेवावी.

साठवताना तंबू सैल घडी घालून सुती पिशवीत किंवा झाकण न लावलेल्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवावा. सिमेंटच्या फरशीतून ओल चढते. प्लास्टिकच्या पिशवीत उरलीसुरली ओल अडकते. घडी दर वेळी थोडी वेगळी घालावी, म्हणजे एकाच रेषेवर ताण येत नाही. उंदरांना ही जागा आवडते, त्यामुळे आत खाण्याचा कण राहू देऊ नये आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडून बघावं.

कापड संपलं आहे का हे तपासायचं असेल तर छताचा सगळ्यात जास्त ऊन लागलेला भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जोरात ताणावा. निरोगी कॅनव्हास फक्त करकरतो. उन्हाने खाल्लेला कॅनव्हास कागदासारखा फाटतो, आणि फाटलेल्या कडेचे धागे बोटांत चुरले तर त्या छताला लेप किंवा ठिगळ लावण्यात अर्थ नाही, कारण टाका घालायला धरच उरलेला नसतो. तेव्हा छत नवं करून घ्यावं. कनाती मात्र बहुधा चांगल्या असतात; त्या वापराव्यात, आणि जुन्या छताच्या वळचणीखालच्या, सावलीत राहिलेल्या पट्ट्या कापून ठिगळांसाठी ठेवाव्यात. त्या आधीच पुरेशा आटलेल्या असतात.